रेकॉर्डिंगचा जुना कॉम्प्युटर : सुधारावा की बदलावा?

शिंप्याचे मशीन, पिठाची गिरणी, वेल्डिंगचा संच आणि रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर यांत एक गोष्ट सारखी आहे. यंत्र चालू आहे तोवर त्याच्याकडे कोणी पाहत नाही आणि ऐन हंगामात ते बंद पडले की मालकाची झोप उडते. मग घाईत पैसा खर्च होतो आणि घाईत खर्च केलेला पैसा बहुधा चुकीच्या जागी जातो. म्हणून हा विषय हंगामापूर्वीच, शांतपणे वही-पेन घेऊन समजून घेतला पाहिजे.

मराठवाड्यातील तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांतून मागील काही वर्षांत ध्वनिमुद्रणाच्या छोट्या खोल्या उभ्या राहिल्या आहेत. जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे प्राचीन मंदिरे व बारवेसाठी ओळखले जाणारे गाव. अशा गावात एखाद्या तरुणाने दहा बाय बाराच्या खोलीत ध्वनिमुद्रण सुरू केले तर त्याच्याकडे काम कोणते येते? रमजान व रबीउल अव्वलच्या आधी नात आणि हम्द, जलशांतील तकरिरी, कव्वाली पथकाची गाणी, भजनी मंडळाचे अभंग, शाहिराचा पोवाडा, शाळेचे स्वागतगीत, रिक्षावरच्या भोंग्यासाठी कापड दुकानाची जाहिरात आणि निवडणूक आली की प्रचाराच्या फिती. वाद्यसंगीताबाबत उलेमांमध्ये मतभिन्नता आहे, त्या चर्चेची ही जागा नव्हे. ज्यांना वाद्यांचे काम घ्यायचे नाही त्यांच्यासाठीही केवळ आवाजाचे काम पुष्कळ आहे, आणि पुढे दिलेला हिशेब दोघांनाही लागू पडतो.

हे काम किरकोळ समजू नये. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या जात्यावरच्या ओव्या आज आपण ऐकू शकतो, याचे कारण हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी उभारलेल्या प्रकल्पात त्या १९९० च्या दशकात मुद्रित झाल्या. पुढे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने हा साठा इंटरनेटवर खुला केला. बार्शीचे शाहीर अमर शेख (१९१६-१९६९) यांच्यासारख्यांचे नाव राहिले, पण गावोगावच्या कितीतरी शाहिरांचा, कव्वालांचा आणि वाइजांचा आवाज त्यांच्याबरोबरच गेला. गावातील मुद्रक हा केवळ दुकानदार नसतो. लोकांचा आवाज त्याच्याकडे अमानत म्हणून असतो. यंत्राची डागडुजी करताना ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुष्कळ निर्णय आपोआप सोपे होतात.

उदाहरणाचे यंत्र

समजण्यासाठी आपण एक नमुना घेऊ. सन २०१३ च्या सुमारास सुटे भाग आणून जोडलेला, म्हणजे असेंबल केलेला कॉम्प्युटर. त्यात इंटेलचा तिसऱ्या पिढीचा कोअर आय-३ प्रोसेसर, एच-६१ जातीचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर-३ मेमरी, ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क, विनानावाचा एसएमपीएस आणि यूएसबीवर चालणारा दोन माइकचा ऑडिओ इंटरफेस. असे हजारो कॉम्प्युटर त्या वर्षांत जोडले गेले आणि आजही चालू आहेत. तक्रारी ठरलेल्या असतात : मशीन सुरू व्हायला पाच-सात मिनिटे लागतात, चार ट्रॅकवर इफेक्ट लावले की आवाज तुटतो, हेडफोनमध्ये गायकाला स्वतःचा आवाज मागून येतो, पार्श्वभूमीला घूं असा नाद राहतो आणि दुपारी यंत्र अचानक बंद पडते.

या पाच तक्रारींची कारणे पाच वेगळी आहेत. बाजारातील विक्रेता मात्र सर्वांवर एकच औषध सांगतो, 'रॅम वाढवा.' प्रत्यक्षात रॅम वाढवून यांपैकी एखादीच तक्रार कमी होते. आधी रोग ओळखावा, मग औषध आणावे.

पहिली पायरी : कामाचा हिशेब

कॉम्प्युटरकडून आपण नेमके किती काम मागतो हे आकड्यांत पाहू. व्यावसायिक मुद्रण सहसा २४ बिट व ४८ किलोहर्ट्झवर केले जाते. म्हणजे एका सेकंदात आवाजाचे ४८ हजार नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुन्याला ३ बाइट लागतात. एका ट्रॅकला सेकंदाला १ लाख ४४ हजार बाइट, मिनिटाला ८.६४ एमबी आणि तासाला सुमारे ५१८ एमबी. आठ माइक एकाच वेळी तासभर चालले तरी जागा साधारण सव्वाचार जीबी लागते आणि डिस्कवर लिहिण्याचा वेग सेकंदाला जेमतेम सव्वा एमबी असतो.

साधी फिरणारी हार्ड डिस्कही सलग लिहिताना सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास लिहू शकते. याचा अर्थ असा की आवाज नुसता मुद्रित करण्यासाठी जुने यंत्र आजही पुरेसे आहे. ताण येतो तो नंतर, मिक्सिंगच्या वेळी. प्रत्येक ट्रॅकवर इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब लावला की प्रोसेसरचे काम वाढते. तबला, ढोलक, तानपुरा यांचे मुद्रित नमुने वाजविणारे सॉफ्टवेअर असेल तर ते मेमरी मागते. म्हणून आपल्या कामात मुद्रण किती, मिक्सिंग किती आणि नमुन्यांची वाद्ये किती, हे आधी वहीत लिहावे. जो फक्त नात आणि तकरीर मुद्रित करतो त्याने वीस ट्रॅकचे गाणे करणाऱ्याइतका खर्च करण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी : विजेपासून सुरुवात

खेड्यातील कॉम्प्युटरचा पहिला शत्रू वीज आहे. व्होल्टेजचा चढउतार, मध्येच जाणारी लाईट आणि नसलेले अर्थिंग, या तिघांनी जितके मदरबोर्ड खाल्ले तितके वयाने खाल्ले नाहीत. नवा भाग घेण्यापूर्वी जाणत्या वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातील व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त येत असेल तर अर्थिंगचा खड्डा दुरुस्त करावा. हेडफोनमधील घूं आवाजाचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते. कॉम्प्युटर, इंटरफेस, अॅम्प्लिफायर ही सर्व यंत्रे एकाच ठिकाणाहून आणि एकाच अर्थिंगवरून चालवावीत. दोन वेगळ्या बोर्डांवरून घेतली की दोन अर्थिंगमधील फरक आवाजाच्या वायरीतून वाहू लागतो आणि तोच नाद म्हणून ऐकू येतो. अर्थिंगची पिन तोडून नाद घालविण्याचा उपाय काही जण सांगतात. तो जिवावर बेतणारा आहे, कोणीही करू नये.

दुसरी गोष्ट एसएमपीएस. त्यातील कपॅसिटर उष्णतेने वाळतात. या भागांचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि मुद्रणासाठी खोली बंद ठेवावी लागते. डब्याच्या आतील उष्णता त्याहूनही जास्त असते. दहा-बारा वर्षे चाललेला विनानावाचा एसएमपीएस सर्वप्रथम काढावा आणि '८० प्लस' प्रमाणित चांगल्या कंपनीचा बसवावा. मदरबोर्डवरील कपॅसिटरचे डोके फुगलेले किंवा त्यातून द्रव आलेला दिसला तर त्या बोर्डावर एक रुपयाही घालू नये.

दुपारी यंत्र बंद पडते त्याचे कारण बहुधा धूळ असते. ब्रश व ब्लोअरने पंखे आणि हीटसिंक साफ करावे, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी, सीआर-२०३२ जातीची छोटी बॅटरी बदलावी. या कामाला फारसा पैसा लागत नाही आणि निम्म्या तक्रारी येथेच संपतात. पंखा हळू फिरू लागला की माइकमध्ये येणारी त्याची घरघरही कमी होते. यूपीएस घेताना साइन वेव्हचा घ्यावा. स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर आवाजात गुणगुण येऊ शकते.

तिसरी पायरी : डिस्क आणि अमानत

फिरणारी डिस्क काढून एसएसडी बसविणे हा जुन्या यंत्रातील सर्वांत जाणवणारा बदल आहे. सुरू होण्यास लागणारी पाच-सात मिनिटे अर्ध्या-पाऊण मिनिटावर येतात आणि डिस्कची घरघर पूर्ण थांबते. येथे एक बारकावा आहे. एच-६१ जातीच्या बोर्डावर साटा जोडणीचा वेग ३ गिगाबिटपर्यंतच असतो, म्हणून एसएसडीच्या खोक्यावर लिहिलेला साडेपाचशे एमबीचा वेग तेथे मिळणार नाही, साधारण त्याच्या निम्मा मिळेल. तरीही फरक मोठा आहे. एनव्हीएमई जातीची महाग डिस्क अशा जुन्या बोर्डासाठी घेऊ नये, त्यावरून यंत्र सुरूच होत नाही.

जुनी डिस्क काढल्यावर ती लगेच पुसू नये आणि विकूही नये. नवी डिस्क महिनाभर निर्धोक चालेपर्यंत जुनी जशीच्या तशी कपाटात ठेवावी. त्याआधी एक काम अवश्य करावे. महत्त्वाच्या प्रत्येक गाण्याचे सर्व ट्रॅक पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवावे. सॉफ्टवेअर बदलले, जुना ३२ बिटचा इफेक्ट नव्या ६४ बिटच्या व्यवस्थेत चालेना, तरी वेव्ह फाइल कोठेही उघडते. केवळ प्रोजेक्टची फाइल सांभाळणे म्हणजे कुलूप हरवून किल्ली जपण्यासारखे आहे.

ग्राहकाच्या कामाच्या नेहमी तीन प्रती असाव्यात. एक यंत्रात, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरात किंवा गावात. दिवंगत मौलाना किंवा आजोबांचा आवाज असलेली फीत कोणी विश्वासाने आपल्याकडे दिली आणि ती एका डिस्कबरोबर गेली, तर पैसे परत करून ती भरपाई होत नाही. जुनी डिस्क पुढे विकायची असेल तेव्हा तिच्यावर पूर्ण नव्याने लिहून जुना मजकूर मिटवावा. लोकांच्या खासगी गोष्टी बाजारात जाऊ देणे हीसुद्धा खियानत आहे.

चौथी पायरी : मेमरी आणि प्रोसेसर

विंडोजची ३२ बिटची आवृत्ती असेल तर ४ जीबीहून अधिक मेमरी तिला वापरताच येत नाही. म्हणजे रॅम घालूनही काही फरक पडत नाही. प्रथम ६४ बिट आवृत्ती आहे का ते पाहावे. एच-६१ बोर्डावर सहसा दोनच खाचा असतात आणि १६ जीबीपर्यंत मेमरी बसते. आवाजाच्या कामाला ८ जीबी पुरते, नमुन्यांची वाद्ये असतील तर १६ जीबी ठीक. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही, खाच वेगळी असते. सन २०२५ च्या अखेरीस जगभर मेमरीचे भाव झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांची मागणी हे त्याचे मुख्य कारण. म्हणून जुन्या भावावर अंदाजपत्रक करू नये, त्याच दिवशीचा भाव विचारावा.

प्रोसेसरबाबत जुन्या यंत्रात एक संधी असते. आय-३ च्या दोन कोअरच्या जागी त्याच खाचेत बसणारा त्याच पिढीचा चार कोअरचा आय-५ किंवा आय-७ वापरलेल्या मालात मिळतो. मात्र बोर्डाच्या बायोसला तो चालतो की नाही हे कंपनीच्या यादीत आधी तपासावे. आय-३ ला ५५ वॉट लागतात, आय-७ ३७७० ला ७७ वॉट. म्हणजे पंखाही त्या ताकदीचा हवा आणि बंद खोलीत उष्णता वाढणार हेही लक्षात ठेवावे.

प्रोसेसर न बदलताही काम निभावते. मुद्रणाच्या वेळी सर्व इफेक्ट बंद ठेवावेत. मिक्सिंगच्या वेळी ज्या ट्रॅकचे काम झाले तो 'फ्रीझ' करावा, म्हणजे इफेक्टसह त्याची नवी फाइल बनते आणि प्रोसेसर मोकळा होतो. वेळ थोडा जास्त जातो, पैसा जात नाही.

पाचवी पायरी : आवाज मागून का येतो?

गायकाला स्वतःचा आवाज उशिरा येतो, या तक्रारीवर सर्वांत जास्त पैसा वाया जातो. कॉम्प्युटर आवाजाचे नमुने एकेक करून नव्हे तर गठ्ठ्याने उचलतो. त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, ५१२ चा १०.७ आणि १०२४ चा २१.३ मिलिसेकंद. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ५१२ चा बफर ठेवणे हे तबलजीला बारा फूट दूर बसविण्यासारखे आणि १०२४ चा ठेवणे चोवीस फूट दूर बसविण्यासारखे आहे. शिवाय आवाज आत येतो आणि परत बाहेर जातो, त्यामुळे हा उशीर किमान दुप्पट होतो. इतक्या अंतरावरून लय सांभाळणे उस्तादालाही कठीण जाईल.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही जवळजवळ फुकट आहेत. मुद्रणाच्या वेळी बफर १२८ वर आणावा व मिक्सिंगच्या वेळी १०२४ वर न्यावा. विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर न वापरता इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर वापरावा. एएसआयओ ही पद्धत जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणली आणि तेव्हापासून साध्या कॉम्प्युटरवर व्यावसायिक मुद्रण शक्य झाले. तिसरे म्हणजे इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' असे बटण असेल तर ते चालू करावे. मग गायकाचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न फिरता थेट हेडफोनमध्ये जातो आणि उशीर उरत नाही.

बफर कमी केल्यावर टकटक आवाज येत असेल तर वायफाय बंद करावे, वीज वाचविण्याची सोय बंद करून 'हाय परफॉर्मन्स' निवडावे, यूएसबी आपोआप झोपण्याची सोय बंद करावी. 'लेटन्सीमॉन' या नावाची तपासणी मोफत मिळते, कोणता ड्रायव्हर अडथळा आणतो ते ती दाखविते. यानंतरही टकटक राहिली तरच प्रोसेसर किंवा इंटरफेस बदलण्याचा विचार करावा.

ज्यांच्याकडे जुने पीसीआय साउंड कार्ड किंवा फायरवायर इंटरफेस आहे त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. नव्या बोर्डांवर पीसीआयची खाच सहसा येत नाही, आणि अॅपलने २०२५ च्या मॅकओएसमधून फायरवायरचा आधार काढून टाकला. यंत्र बदलण्यापूर्वी जुने कार्ड कोठे बसणार, याचे उत्तर हाती असले पाहिजे.

सहावी पायरी : विंडोजचा प्रश्न

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. घरगुती ग्राहकांसाठी नोंदणी करून मिळणाऱ्या जादा सुरक्षेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली होती. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आपल्या उदाहरणातील तिसऱ्या पिढीचे यंत्र त्यात बसत नाही. नियम चुकवून विंडोज ११ घालून देणारे कारागीर मिळतात, पण पुढचे प्रत्येक अद्यतन नीट लागेलच याची हमी त्यात नाही. धंद्याच्या यंत्रावर असा प्रयोग करू नये.

मग मार्ग दोन. पहिला, मुद्रणाचे यंत्र इंटरनेटपासून पूर्ण तोडावे आणि मेल, यूट्यूब, बँकेचे काम दुसऱ्या यंत्रावर किंवा मोबाइलवर करावे. ग्राहकाने आणलेला पेन ड्राइव्ह आधी त्या दुसऱ्या यंत्रावर तपासून मगच मुद्रणाच्या यंत्राला लावावा, कारण विषाणू बहुधा त्याच वाटेने येतो. दुसरा मार्ग लिनक्सचा. त्यावर आर्डर हे मुक्त सॉफ्टवेअर चालते, रीपरचीही लिनक्स आवृत्ती आहे. मात्र आपला इंटरफेस वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा आहे का, हे आधी पाहावे.

सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. आपण स्वतःचे गाणे कोणी फुकट कॉपी केले तर तक्रार करतो आणि त्याच खोलीत चोरीचे सॉफ्टवेअर वापरतो, हे दोन मापांनी मोजणे झाले. सूरह मुतफ्फिफीनमध्ये घेताना पुरे घेणाऱ्या व देताना कमी देणाऱ्यांना दिलेला इशारा व्यापाऱ्याने येथेही लावून पाहावा. आज तर सबबही उरलेली नाही. ऑडॅसिटी मोफत आहे आणि रीपरचा छोट्या व्यावसायिकांसाठीचा परवाना ६० डॉलरचा आहे. शिवाय चोरट्या प्रतींबरोबर विषाणू येतात, तो तोटा वेगळाच.

सातवी पायरी : सुधारावे की बदलावे?

आता मूळ प्रश्न. सर्व भागांच्या दोन याद्या कराव्यात. पहिल्या यादीत जे भाग उद्या नव्या यंत्रातही चालतील : माइक, हेडफोन, ऑडिओ इंटरफेस, यूपीएस, साटा एसएसडी, चांगला एसएमपीएस, बाहेरची डिस्क. दुसऱ्या यादीत जे भाग जुन्या बोर्डाबरोबरच भंगारात जातील : डीडीआर-३ मेमरी, जुन्या खाचेचा प्रोसेसर, त्याचा पंखा. पहिल्या यादीवर खर्च केलेला पैसा भांडवल आहे. दुसऱ्या यादीवरचा खर्च औषधपाण्याचा आहे, तो जितका कमी तितका बरा.

यानंतर तासाचा हिशेब करावा. पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी धरले आहेत. समजा सुधारणेला २४ हजार रुपये लागतात आणि महिन्याला २५ तास काम येते. यंत्र आणखी ३ वर्षे चालले तर ९०० तास झाले, म्हणजे तासाला सुमारे २७ रुपये. नवे यंत्र ७५ हजारांचे घेतले आणि ६ वर्षे चालले तर १,८०० तास, म्हणजे तासाला सुमारे ४२ रुपये. वरवर पाहता सुधारणा स्वस्त पडते. पण सुधारलेले यंत्र वर्षभरातच मदरबोर्ड जळून बंद पडले तर ३०० तासांनाच २४ हजार गेले, म्हणजे तासाला ८० रुपये. दोन्हींची बरोबरी साधारण २३ महिन्यांवर होते. तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हा जुना बोर्ड आणखी दोन वर्षे निश्चित चालेल का? मन कचरत असेल तर त्या बोर्डावर खर्च करू नये.

या दोहोंच्या मधला तिसरा मार्गही आहे. कार्यालयांनी बदललेले आठव्या पिढीचे डेस्कटॉप वापरलेल्या बाजारात येतात. या पिढीच्या डेस्कटॉप आय-५ मध्ये सहा कोअर आहेत आणि विंडोज ११ त्यावर रीतसर चालते. आपल्या पहिल्या यादीतील सर्व बाहेरचे भाग त्याला जोडता येतात. मात्र छोट्या डब्याच्या मॉडेलमध्ये एसएमपीएस कंपनीच्याच मापाचा असतो, बाजारातील साधा बसत नाही, हे पाहून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी जुन्या बोर्डाला मेमरी व प्रोसेसर घालण्यापेक्षा हा सौदा किफायतशीर ठरतो.

खरेदी, कर्ज आणि सचोटी

मराठवाड्यातून मोठ्या खरेदीसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर गाठणारे पुष्कळ आहेत. एका भागासाठी भाडे व दिवस घालविणे परवडत नाही, दोघा-तिघांनी मिळून यादी करावी. वापरलेला माल घेताना डिस्कचे आरोग्य 'क्रिस्टलडिस्कइन्फो'ने आणि मेमरी 'मेमटेस्ट'ने दुकानातच तपासावी, पक्के बिल व परत करण्याची मुदत लिहून घ्यावी. आपला जुना भाग विकताना त्याचा दोष स्वतःहून सांगावा. दोष लपवून केलेल्या विक्रीत नफा दिसतो, पण बरकत राहत नाही, ही आपल्या दीनची शिकवण आहे. लहान गावात एका फसवणुकीची बातमी दहा जाहिरातींपेक्षा लवकर पसरते, हा व्यवहारही आहे.

पैशांची सोय करताना व्याजाच्या हप्त्यांकडे वळण्याआधी दोन मार्ग पाहावेत. नातलग किंवा जमातीकडून कर्जे-हसना आणि दुसरा भागीदारीचा. यंत्र एकाचे, हुनर दुसऱ्याचे आणि नफा आधी ठरलेल्या वाट्याने. करार मात्र कागदावर, दोन साक्षीदारांसमोर करावा. वरील पायऱ्या एकदम न करता महिन्या-महिन्याने केल्या तर पुष्कळांना कर्जाची गरजही पडणार नाही : पहिल्या महिन्यात अर्थिंग व सफाई, दुसऱ्यात एसएमपीएस, तिसऱ्यात एसएसडी व प्रती आणि मग तीन महिने थांबून पाहणे.

वाचलेल्या पैशांतील काही भाग खोलीवर घालावा. यंत्र कितीही नवे असले तरी उघड्या भिंतींच्या खोलीतील घुमलेला आवाज कोणतेही सॉफ्टवेअर नीट करू शकत नाही. अंड्यांचे ट्रे लावून भागत नाही. त्याऐवजी जाड गाद्या, रजया, गोधड्या भिंतीपासून चार-सहा बोटे सोडून टांगाव्यात व जमिनीवर सतरंजी घालावी. हा उपाय स्वस्त आहे आणि ऐकणाऱ्याला फरक लगेच कळतो.

शेवटी उत्पन्नाचा एक मार्ग सुचवावासा वाटतो. गावोगावी पेट्यांतून जुन्या कॅसेट पडून आहेत. निकाहाच्या, जलशांच्या, कीर्तनांच्या, वडिलधाऱ्यांच्या आवाजाच्या. नव्वद मिनिटांची एक कॅसेट स्टिरिओत उतरवली तर सुमारे दीड जीबी होते. या कामाला सुधारलेला जुना कॉम्प्युटर, एक चांगला कॅसेट डेक आणि संयम पुरतो. हंगाम नसतानाच्या महिन्यांत हे काम खोलीचे भाडे काढून देईल आणि फिती वाळून निकामी होण्याआधी गावाचा आवाजही वाचेल. ज्या तरुणांच्या घरी असे यंत्र धूळ खात पडले असेल त्यांनी ते भंगारात देण्यापूर्वी या आठवड्यात उघडून साफ करावे, दोन याद्या कराव्यात आणि मगच निर्णय घ्यावा. अल्लाह आपल्या कष्टाच्या रोजीत बरकत देवो.